ओट्यावरची बाटली

संपादक फादरांचं पत्र आलं तेव्हा मी पाठ शेकत बसले होते. नाताळ अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, बाप्तिस्मा घेतलेल्या माणसानं जाणत्या श्रद्धेनं कसं जगावं याचं तरुणांना मार्गदर्शन होईल, असं त्यांनी लिहिलं होतं. मी मिडवाइफ. माझं सगळं आयुष्य बायकांना ‘आता जोर करा’ आणि ‘आता जोर करू नका’ एवढंच मार्गदर्शन करण्यात गेलं. तरी फादरांना नाही म्हणवत नाही. तेव्हा मार्गदर्शन बाजूला ठेवते आणि माझी एक चूक सांगते. आमच्या धंद्यातल्या कॅथलिक बाईच्याच हातून घडावी अशी ती चूक होती, आणि श्रद्धेतलं मला जे काही थोडं कळलं ते तिच्यामुळेच कळलं.

पन्नास सालानंतरचे दिवस. लग्नानंतर दीड वर्षात माझे यजमान गेले. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात मी नर्सिंग आणि सुईणपण शिकले आणि चिंचवडच्या लहानशा दवाखान्यात नोकरीला लागले. चिंचवड तेव्हा गावच होतं. पिंपरीच्या कॅम्पात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं बराकीत राहत होती, पलीकडे औषधाचा कारखाना उभा राहत होता, आणि बाकी सगळी ज्वारी-बाजरी. डॉक्टर आठवड्यातून दोनदा पुण्याहून यायचे. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे मी, एक कंपाउंडर आणि एक स्टोव्ह.

मिडवाइफचं काम म्हणजे धावपळ, असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे निम्मं काम वाट बघण्याचं असतं. बाळ आपल्या वेळेनं येतं, आपण फक्त वाटेत अडचण नाही ना ते बघायचं. पोटावर लाकडी नळकांडं टेकवून ठोके ऐकायचे, कात्री आणि दोरा उकळून ठेवायचा, कार्बोलिक साबणानं हात कोपरापर्यंत धुवायचे. नवऱ्याला पाणी तापवायला बसवायचं ते मुख्यतः त्याला काहीतरी उद्योग म्हणून. एका सिंधी गृहस्थांनी घरातलं एकूण एक पातेलं भरून पाणी तापवलं होतं, शेवटी आम्ही सगळ्यांनी त्यात आंघोळी उरकल्या. मूल झालं की त्याच्या घशातला चिकटा रबरी नळीनं ओढून काढायचा. नाही रडलं तर तळव्यावर चापट्या, पाठ चोळणं, आणि तेही नाही चाललं तर पातळ फडक्यातून त्याच्या तोंडात आपला श्वास फुंकायचा, अगदी हलका, आपल्या गालात मावेल एवढाच.

माझ्या काळ्या पेटीत हे सगळं असायचंच. शिवाय एक लहान बाटली असायची. त्यात खडकीच्या चर्चमधलं आशीर्वादित पाणी.

मिशनमध्ये आमच्या मदरनी नाळ बांधायला ज्या आठवड्यात शिकवलं त्याच आठवड्यात हेही शिकवलं होतं. मूल मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. डोक्यावर तीनदा पाणी ओतायचं, ते वाहिलं पाहिजे, आणि ओतताना म्हणायचं, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.’ बाप्तिस्म्याशिवाय गेलेली बाळं एका वेगळ्या जागी राहतात, तिथे दुःख नसतं पण देवाचं दर्शनही घडत नाही, असं आम्हाला तेव्हा शिकवलेलं. ते ऐकून मी वसतिगृहात जाऊन रडले होते. म्हणून आईबाप कोणत्याही धर्माचे असोत, मूल हातातून जातंय असं दिसलं की मी पाठमोरी व्हायचे आणि चेहरा पुसल्यासारखं करून पाणी घालायचे. सांगत कोणालाच नसे. ती सगळी बाळं गेली. माझ्या प्रार्थनापुस्तकाच्या मागच्या पानावर त्यांच्या नावानं बारीक क्रूस काढलेले होते.

एक तेवढी जगली.

हिराबाई म्हणजे गावठाणातल्या एका शेतकरी घरातली सून, विशीतली, पहिलटकरीण. तिची सासू, जिला हिराबाई रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची, स्वतः जुनी सुईण. मला बोलावलं ते मूल पायाळू आहे हे म्हातारीनं हातानं ओळखलं म्हणून. भर दुपारी, पत्र्याच्या पडवीत, पाय आधी, मग अंग, आणि डोकं अडकलेलं. मुलगी हातात आली ती निळी आणि लुळी. मी चिकटा काढला, चापट्या मारल्या, चार-पाच वेळा श्वास फुंकला. काही नाही. मी मनात म्हटलं, गेली. पाठमोरी झाले, बाटली उघडली आणि ‘मारिया’ असं नाव घेऊन पाणी घातलं. तिसऱ्या धारेला पोरीनं आचका दिला, आणि मग पडवी दणाणून टाकली.

गार पाण्यानं नवं मूल दचकून श्वास घेतं, हे आज मी कोणालाही सांगेन. तेव्हा मात्र मला तो चमत्कारच वाटला. आत्याबाईनं सगळं पाहिलं होतं. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, “बाईनं पानी वतलं आन पोर बोलली, गं!”

बाराव्या दिवशी तिचं नाव यमुना ठेवलं, सगळे यमी म्हणायचे. पायाळू माणसाची लाथ पाठीला लागली की उसण निघते असा आपल्याकडे समज आहे, त्यामुळे यमी उभी राहायला लागली तशी अख्ख्या आळीची पाठ तिच्या दारात येऊ लागली. आणि माझ्या दारात बायका. “बाई, त्ये पानी द्या की वाईच.” मी हसून टाळायचे, पण पाण्याचा गुण नाकारायचे नाही. लोकांना वाटायचं बाई हुशार. मला आतून वाटायचं, बाई संत. रविवारी प्रसाद घ्यायचा म्हणून मध्यरात्रीपासून केलेल्या उपासानं पोटात कावळे ओरडत असताना मी गाडीनं खडकीला मिस्साच्या उपासनेला जायचे आणि वेदीसमोर गुडघे टेकून देवाला जणू आठवण करून द्यायचे, की बघ, तुझी चिंचवडची मुलगी मीच. लाज वाटते सांगायला, पण असं होतं खरं.

या संतपणाला पहिला तडा गेला तो कासारवाडीत. याकूबभाई मोटारी दुरुस्त करायचे. बायकोचे दिवस भरले तेव्हा ते मला न्यायला स्वतः जुळवलेली एक जुनी मोटार घेऊन आले. ती निम्म्या वाटेत बसली. मी, याकूबभाई आणि रस्त्यानं चाललेला एक गवळी, तिघांनी ती कासारवाडीपर्यंत ढकलत नेली. “आपा, इंजन एकदम फर्स्ट क्लास आहे,” ते ढकलता ढकलता सांगत होते, “बस, चालत नाही एवढंच.”

मुलगा सुखरूप झाला. मी त्याला पुसून आईकडे द्यायला निघाले तर याकूबभाई दारातून म्हणाले, “आपा, जरा थांबा. आधी अल्लाचं नाव कानात जाऊ दे. अब्बा आलेत.” म्हातारे अब्बा हातपाय धुऊन आले. मूल माझ्याच हातात होतं. माझ्या समोर, माझ्या गळ्यातला क्रूस दिसत असताना, त्यांनी वाकून बाळाच्या उजव्या कानात संथपणे अजान दिली. आई अंथरुणातून बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

परतताना मला माझी पाठमोरी मुद्रा आठवत राहिली. त्यांनी आपल्या बाळाला आपल्या देवाचं नाव उघड्यावर सांगितलं, परक्या बाईच्या देखत. मी दुसऱ्याच्या बाळाला माझ्या देवाचं नाव सांगितलं ते त्याच्या आईकडे पाठ करून. माझा देव खरा आहे याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण मग मी लपवत कोणापासून होते?

खडकीला आमचे म्हातारे परदेशी फादर होते. त्यांचं मराठी पुस्तकी होतं. पापनिवेदनात मी सगळं सांगितलं.

“संस्कार झाला तो झाला. तो पुसता येत नाही,” ते म्हणाले. “मात्र ती कन्या तिच्या आईची आहे. तिच्या आईस हे ठाऊक आहे काय?”

“नाही, फादर.”

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एक जपमाळ सांगितली. मी म्हटलं, “एवढंच?”

“जपमाळ देवासाठी. आईला काय द्यावयाचे ते तुला माहीत आहे.”

माहीत होतं, म्हणूनच मी तीन महिने टाळाटाळ केली. शेवटी एका सकाळी गेले. हिराबाई अंगणात हुलगे पाखडत होती. दोन वर्षांची यमी एका म्हाताऱ्याची पाठ नुकतीच मोकळी करून गुळाचा खडा चोखत बसली होती.

“हिराबाई, यमी जन्मली तेव्हा मी पाणी घातलं होतं.”

“ठावं हाय की. समद्या गावाला ठावं हाय.”

“ते औषध नव्हतं. तो आमच्या धर्माचा संस्कार होता. बाप्तिस्मा.”

सूप थांबलं. “म्हंजी माझी यमी किरिस्ताव केली तुमी?”

मी मान डोलावली.

“मला इचारलं का न्हाई? मी जागी व्हते. डोळं उघडं व्हतं माझं.”

“मला वाटलं, बाळ गेलं.”

“तुमाला वाटलं,” हिराबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. “तुमाला वाटलं गेली, म्हून तुमी तिला तुमच्या देवाला देऊन मोकळ्या झाला. मी तिला अजून सोडली न्हवती, बाई.”

तिनं यमीला उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

धर्माचं राहू द्या. माझ्या धंद्यातलं ती जे बोलली ते मला जास्त लागलं. चार-पाच श्वास फुंकून मी थांबले होते. मदरनी शिकवलं होतं की अंग ऊबदार आहे तोवर थांबायचं नाही. पण माझ्याकडे बाटली होती, आणि बाटली होती म्हणून हात लवकर थांबायचे. मागच्या पानावरच्या त्या सगळ्या क्रुसांकडे मी त्या दिवशी पाहिलं. त्यातल्या किती बाळांना मी अजून थोडा श्वास देऊ शकले असते, हे देवालाच ठाऊक.

बाई पोरं बाटवते, ही बातमी आळीत फिरली. गावठाणातल्या बायका मला बघून पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जाऊ लागल्या. कोणी भांडलं नाही, फक्त कोणी बोलावलं नाही. कॅम्पातली आणि कासारवाडीची कामं होती, पण ज्या आळीत मी सर्वांत जास्त बाळं हातात घेतली तिथली दारं बंद झाली. बदलीचा अर्ज मी दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. चूक इथे केली आणि शहाणपण दुसऱ्या गावात जाऊन दाखवायचं, हे मनाला पटेना.

असं दीड वर्ष गेलं. एके दिवशी सकाळी मी स्टोव्हवर कात्र्या उकळत होते तेव्हा आत्याबाई दवाखान्याच्या दारात उभी.

“चला बाई. सातव्यातच कळा सुरू झाल्यात.”

“हिराबाईनं बोलावलंय?”

“न्हाई. मी बलावतीया. माझ्या हातचं न्हाई ह्ये.”

मी पेटी उचलली. ओट्यावर चढले तर आतून हिराबाईचा आवाज आला, कळ सोसत, दात आवळून. “बाई, ती बाटली भायेर ठिवा. मंग आत या.”

मी पेटी उघडली, बाटली काढली आणि ओट्यावर, दाराशेजारी ठेवली. म्हटलं, “ठेवली, हिराबाई. तुमच्या बाळाला मी ते पाणी घालणार नाही. माझा शब्द.” आणि आत गेले.

तासाभरात मुलगा झाला. माझ्या ओंजळीत मावेल एवढा. रडला, पण मांजराच्या पिलाएवढंच. मग श्वास अडखळू लागला. मी फडकं घेतलं आणि फुंकायला सुरुवात केली. थांबायचं, छातीकडे बघायचं, पुन्हा फुंकायचं. आत्याबाई गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या दोन्ही अंगाला ठेवत होती. तो मध्येच चार-सहा श्वास स्वतः घ्यायचा आणि आम्ही तिघी एकदम बघायचो. मग पुन्हा थांबायचा. बाहेर ऊन ओट्यावर चढलं. माझे ओठ बधिर झाले होते, डोकं गरगरत होतं, पण हात थांबला नाही.

म्हातारीला राहवेना. ती बाहेर गेली आणि बाटली घेऊन आली. “घाला बाई. यमी आशीच उठली व्हती. घाला!”

मी हिराबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मी आजवर जे शिकले होते ते सगळं मला सांगत होतं, घाल. त्या बाळाला देवाचं तोंड दिसायचं असेल तर घाल, शब्द मोडल्याचं पाप तू भोग. दोन-तीन फुंकरांएवढाच वेळ असेल तो, पण माझ्या आयुष्यात तेवढा लांब वेळ दुसरा नाही. मग माझ्या मनात आलं, की ज्या देवासाठी मी हे करणार त्याची माया काय माझ्यापेक्षा कमी आहे?

“आत्याबाई, ते औषध नाही,” मी म्हटलं. “बाहेर ठेवून या.” आणि पुन्हा फुंकू लागले.

दुपार व्हायच्या आत तो गेला. अंग गार होईपर्यंत मी थांबले नव्हते. हिराबाईनं स्वतः हात पुढे केला आणि म्हणाली, “द्या आता.” तेव्हा मी त्याला तिच्या मांडीवर ठेवलं. मला रडू आलं. नर्सनं रोग्यासमोर रडायचं नसतं, मी रडले.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “बारसं न्हाई झालं त्याचं. नाव न्हाई त्याला.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “तुमच्या देवाला नाव लागत आसंल.”

बाप्तिस्म्याच्या संस्कारात पहिला प्रश्न असतो तो नावाचा. ते मला पाठ होतं. तरी मी म्हटलं, “नाही लागत.”

“खरं सांगताय?”

“खरं. त्याला माहीत असतं कोण आलं ते.”

तिनं मान हलवली. मी पेटी भरली आणि बाहेर येऊन ओट्यावरची बाटली उचलली.

पुढच्या रविवारी चर्चबाहेरच्या बाकावर मी फादरांना हे सांगितलं. मी जे बोलले ते धर्माला धरून होतं का, असं विचारलं. ते टोपी हातात फिरवत राहिले. म्हणाले, “मला ठाऊक नाही. परंतु तू असत्य बोललीस असे मी म्हणणार नाही.” ईस्टरच्या मिस्सात सगळ्यांनी आपल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारायची, ही पद्धत त्याच सुमारास सुरू झाली होती. आधीच्या वर्षी मी शाळेतल्या हजेरीसारखी उत्तरं दिली होती. त्या वर्षी ‘विश्वास धरता काय?’ म्हटल्यावर माझा आवाज सगळ्यांच्या नंतर निघाला, पण तो माझा होता. दीड महिन्याची असताना माझ्या आईनं मला नेऊन ज्याच्या हवाली केलं, त्याला मी चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतःहून हो म्हटलं.

हिराबाईची पुढची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. दोन्ही वेळा बाटली मी आपणहून ओट्यावर ठेवली, दोन्ही मुलगे ठणठणीत. आळीतली दारं हळूहळू उघडली. बाटली मी निवृत्त होईपर्यंत बाळगली, आमच्या माणसांसाठी, आणि तेही आईला विचारून. मागच्या पानावर पुन्हा क्रूस काढले नाहीत.

हिराबाई आता नाही. यमी कासारवाडीला दिली होती, तिला नातवंडं आहेत, मुलगा कंपनीत शिफ्टला जातो. लग्नाआधी आईनंच तिला सगळं सांगितलं होतं. तिचा देव तिच्या देव्हाऱ्यात आहे, माझा माझ्या भिंतीवर. माझ्या रोजच्या जपमाळेत तिचं नाव असतं, दोन्ही नावं घेते मी, यमुना आणि मारिया. हे तिला ठाऊक आहे, विचारूनच सुरू केलं.

गेल्या महिन्यात पाठीत उसण भरली तेव्हा तिला निरोप गेला. ती बसनं आली, चहा प्याली, मला भिंतीला धरून उभं केलं. कोणी नर्सनं या लाथेवर विश्वास ठेवावा की नाही, हे संपादकांनी कृपा करून छापू नये. मी डोळे मिटून उभी होते. लाथ काही येईना.

“अगं, मार ना,” मी म्हटलं.

“बाई, मारू का?”

“त्यासाठीच तर बोलावलंय. दर वेळी काय विचारतेस?”

“आईनं बजावून ठिवलंय,” यमी म्हणाली. “बाईंना आदी इचारायचं.”